गाविलगडावरचा एक दिवस

परतवाड्याला गाडी बदलली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. डिसेंबरचा महिना, थंडी मी म्हणत होती. मुलगा खिडकीशी, मुलगी त्याच्या शेजारी 'माझी पाळी केव्हा' म्हणून धुसफुसत, आणि आमच्या मागच्या बाकावर सौ. आपल्या शिदोरीच्या पिशवीसह. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि गुळपापडी असा सरंजाम त्या पिशवीत होता. घाट चढण्याआधीच पोरांचे तिच्याकडे लक्ष गेले होते, ही गोष्ट निराळी.

कंडक्टर अस्सल वऱ्हाडी. तिकिटे फाडता फाडता म्हणाला, "थंडीत कायले जाता जी चिखलदऱ्याले? पावसाळ्यात याव, धबधबे पाहाव!"

"किल्ला पाहायचा आहे," मी म्हणालो.

"किल्ला? त्या किल्ल्यात काय ठेवलं जी! नुसते दगडं!"

गाडीतली मंडळी हसली, सौ.ही हसल्या. मीही हसलो खरा. पण मनात कुठेतरी ते वाक्य रुतून बसले. कारण मी अमरावतीत वीस वर्षे मराठी शिकवतो. पानिपत सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. भाऊसाहेबांची बखर किती पिढ्यांना मी वाचून दाखवली असेल! आणि घरापासून जेमतेम पन्नास मैलांवर असलेल्या या किल्ल्यात मी यापूर्वी एकदाच, तोही कॉलेजात असताना मित्रांबरोबर, दंगामस्ती करायला गेलो होतो. तेव्हा मलाही तिथे 'नुसते दगडं'च दिसले होते.

घाट सुरू झाला. सागाची पाने पिवळी पडली होती. रस्ता एका वळणावरून दुसऱ्या वळणावर चढत होता, आणि खालचा वऱ्हाडचा काळा मुलूख धुक्यात हळूहळू विरघळत होता. मुलगा वळणे मोजत होता. चाळिसाच्या पुढे त्याचा हिशेब चुकला आणि त्याने तो नाद सोडला.

चिखलदरा साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. उन्हाळ्यात अमरावती-अकोला भट्टीसारखी तापतात, तेव्हा वऱ्हाडातला जो तो या गारव्याची आठवण काढतो. गावाचे नाव कीचकावरून पडले, असे इथे सगळे सांगतात. विराटाच्या दरबारी द्रौपदीच्या वाटेला जाणाऱ्या कीचकाला भीमाने मारले आणि इथल्या दरीत फेकले; तो कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवतात. विदर्भात कॉफी पिकते ती याच डोंगरावर. इथल्या दऱ्याखोऱ्यांत कोरकू लोक राहतात आणि त्यांच्या शेजारी गवळी. गाविलगडाचे नावही गवळ्यांवरूनच आले, असे म्हणतात. म्हणजे बादशहा, सुलतान आणि गव्हर्नर यांच्याही आधी या डोंगराला नाव दिले ते गाई चारणाऱ्यांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ल्याकडे निघालो. वाटाड्या म्हणून एक वयस्कर कोरकू गृहस्थ बरोबर घेतले. पोरे त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच 'आजोबा' म्हणू लागली. गावाच्या बाजूने किल्ल्याकडे जाताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की चढ असा नाहीच. आपण किल्ल्यावर 'चढत' नाही, नुसते चालत जातो. राजगड-रायगड पाहिलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. मुलगा तर निराश झाला. "बाबा, हा कसला किल्ला? हा तर सपाटच आहे!"

"थांब थोडा," मी म्हणालो. "तू आत्ता जे म्हणालास, तेच या किल्ल्याचे दुर्दैव आहे."

"झालं! तुमचं लेक्चर इथंही सुरू झालं," सौ. म्हणाल्या. पण त्याही जवळ येऊन चालू लागल्या.

गाविलगडाचे असे आहे, की दक्षिणेला, म्हणजे वऱ्हाडच्या मैदानाच्या बाजूला, सरळसोट तुटलेले कडे आहेत. खालून पाहणाऱ्याची छाती दडपून जाते. उत्तरेला मात्र किल्ल्याची आणि चिखलदऱ्याच्या पठाराची जमीन जवळजवळ एका पातळीत येते. म्हणून ही बाजू झाकायला बाहेरचा कोट बांधला. त्याच्या आत दरी ओलांडून मुख्य किल्ला. बाहेरच्या कोटाच्याही पुढे आणखी एक तट.

बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५च्या सुमारास हा किल्ला बांधला, असे फिरिश्ता लिहितो. पुढे वऱ्हाडात इमादशाही आली. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादउल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू. लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला. दिल्ली दरवाज्यावर सिंह कोरले आहेत आणि त्यांच्या सोबतीला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आहे. तो विजयनगरचा पक्षी वऱ्हाडच्या सुलतानाच्या वेशीवर कसा येऊन बसला, याचे उत्तर पुष्कळ जण फतहुल्लाच्या बालपणातच शोधतात. माणसाचे नाव बदलते, धर्म बदलतो. लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली चित्रे मात्र बदलत नाहीत. मुलीने त्या पक्ष्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "दोन तोंडं असली तर भांडण नाही का होत?" सौ.नी दोघा भावंडांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "होतं की! रोज होतं."

आत गेल्यावर किल्ल्याचा पसारा कळू लागतो. तलाव आहेत, पडक्या इमारती आहेत, उंचवट्यावर मोठी मशीद आहे, गवतात पडलेल्या तोफा आहेत. १५७७ सालचा बहराम बुरूज आहे. मोगलांनी १५९८ साली हा किल्ला घेतला. अबुल फजलने 'ऐने अकबरी'त याच्या बळकटपणाची तारीफ केली आहे आणि इथल्या एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात, असेही नमूद केले आहे. अठराव्या शतकात किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. इतका सारा इतिहास एका डोंगरावर आहे. पण मी आलो होतो तो त्यातले फक्त चार दिवस पाहायला. १२ डिसेंबर १८०३ ते १५ डिसेंबर १८०३.

एका आवळ्याच्या झाडाखाली सतरंजी पसरली, दशम्या सुटल्या, आणि मी पोरांना ती हकीकत सांगू लागलो.

१८०३ सालच्या पावसाळ्यात इंग्रजांनी शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध पुकारले. होळकर बाजूला राहिले. दक्षिणेतल्या इंग्रजी फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय अवघे चौतीस. बारा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला, तोच हा. ऑगस्टात त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला असईची मोठी लढाई जिंकली. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोल्याकडच्या अडगावला भोसल्यांची फौज मोडली. तिथून निसटलेले पायदळ डोंगर चढून गाविलगडात शिरले. आता वऱ्हाडात भोसल्यांची एवढीच मोठी जागा राहिली होती.

वेलस्ली खाली देवगावाजवळ तळ देऊन बसला. दक्षिणेच्या दरवाज्याची वाट उभ्या चढणीची, फक्त पायी माणसांची. पश्चिमेच्या अंगाने येणारी दुसरी वाट किल्ल्याच्या माऱ्याखालून अरुंद कड्याकड्याने येणारी. त्याने तोफा वर चढवून पाहिल्या. जड तोफा काही त्या चढावर चढेनात. मग उरला उत्तरेचा रस्ता, जिथे जमीन किल्ल्याशी एका पातळीत आहे. पण तिथे पोहोचायला एलिचपूरहून, म्हणजे आपल्या अचलपुराहून, डोंगरातून सुमारे तीस मैल चालावे लागे. आणि रस्ता? रस्ता नव्हताच.

ते काम कर्नल स्टीव्हन्सनकडे आले. हा गृहस्थ त्या वेळी इतका आजारी होता, की अडगावच्या लढाईत तो हत्तीवर बसून होता. ७ डिसेंबरला त्याची फौज निघाली, ती १२ तारखेला पोहोचली. झाडे तोडीत, वाट करीत, जड तोफा माणसांच्या हातांनी दोरखंड लावून ओढीत, नाल्यांत उतरवीत आणि पलीकडच्या टेकाडावर चढवीत सहा दिवस ते लोक चालले होते. इतके कष्ट आपण कधी पाहिले नाहीत, अशा अर्थाचे वेलस्लीने आपल्या खलित्यात लिहून ठेवले आहे.

"इंग्रज एवढे ताकदवान होते?" मुलाने विचारले.

इथे मी घटकाभर थांबलो. कारण खरे उत्तर गोड नव्हते. स्टीव्हन्सनच्या फौजेत गोऱ्यांची एक पलटण होती, ९४वी स्कॉच ब्रिगेड. बाकीच्या पलटणी बहुतेक मद्रास इलाख्यातल्या आपल्याच हिंदी शिपायांच्या होत्या. ही फौज मुळात हैदराबादच्या निजामाच्या पदरी, त्याच्याच खर्चाने ठेवलेली. म्हणजे डोंगरातून तोफा ओढणारे हात आपले, त्यांचा पगार आपल्याच मुलखातला आणि पलीकडे तटावर उभे असलेलेही आपलेच. दुसऱ्याचे डोके आणि आपले हात, अशी ही विभागणी होती.

पोरे गप्प झाली. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "रस्ता तं आमच्याच लोकायनं दाखोला असन, गुरुजी. रान कोणाले ठाऊक रायते?" त्यांच्या आवाजात ना शरम होती ना अभिमान. रानात राहणाऱ्याला येणारा प्रत्येक जण वाटच विचारत असतो.

युरोपात या सुमारास वेढ्याचे एक शास्त्रच झाले होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा इंजिनिअर व्होबाँ याने १६७३ साली मास्ट्रिख्टच्या तटाभोवती समांतर खंदक खणत खणत अवघ्या पंधरवड्याच्या आत ते शहर घेतले, तेव्हापासून किल्ला पडायचा तो गणितासारखा पडू लागला. अमुक दिवस खणायचे, अमुक दिवस तोफा डागायच्या, मग तटाला खिंडार. त्यामुळे वेढ्यात अडकलेल्या किल्लेदाराचे खरे काम जिंकण्याचे नसे. बाहेरून मदत येईपर्यंत दिवस ढकलण्याचे असे. १६८३ साली तुर्कांच्या वेढ्यात व्हिएन्नाने दोन महिने ढकलले आणि पोलंडचा राजा धावून आला, म्हणून ते शहर वाचले. तट एकट्याने किल्ला वाचवीत नाही. तटाबाहेर कोणीतरी आपले म्हणणारे असावे लागते.

गाविलगडाला तसे कोणी उरले नव्हते. भोसल्यांची फौज अडगावला मोडलेली. शिंद्यांनी तर अडगावच्या आधीच तहकुबीचा करार केलेला. होळकर दूर. आणि खुद्द रघूजी भोसल्यांचे वकील तहाच्या बोलण्यांसाठी इंग्रजांकडे गेलेले.

१२ तारखेच्या रात्री तोफांचे मोर्चे तयार झाले. १३ला सकाळी भडिमार सुरू झाला. १४च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना खिंडारे पडली. १५ तारखेला सकाळी दहाला हल्ला.

हल्ल्याच्या तुकडीबरोबर चोवीस वर्षांचा एक तरुण हौसेने गेला होता. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, पुण्या-मुंबईच्या शिक्षणाच्या इतिहासात ज्याचे नाव पहिल्या पानावर येते, तोच. त्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी तो एका मित्राशी हाफिज, सादी आणि होरेस या कवींबद्दल बोलत बसला होता, असे त्याच्याच लिखाणातून कळते. आणि मग उठून खिंडारावर गेला! मी साहित्य शिकवणारा माणूस. कवितेने माणूस कोमल होतो, असे वर्गात सांगण्याची मला सवय आहे. हा मजकूर वाचल्यापासून ते वाक्य मी जरा अडखळत बोलतो.

बाहेरचा कोट पडला. आतल्या किल्ल्याचा दरवाजा मात्र बंद होता. हल्ल्याचा म्होरक्या लेफ्टनंट कर्नल केनी जबर जखमी झाला. तो त्यातून उठला नाही. तेव्हा ९४व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने दरीपलीकडच्या तटाला शिड्या लावल्या, वर चढला आणि आतून दरवाजा उघडला. पुढे जे झाले त्याला लढाई म्हणणे कठीण आहे. आतले लोक ज्या वेशीतून निसटू पाहत होते, तिच्या बाहेर वेलस्लीने आधीच तुकड्या उभ्या केल्या होत्या. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दीडशेच्याही आत. किल्ल्यातल्यांची मोजदाद कोणी केली नाही. वेशींत प्रेतांचा खच होता एवढेच लिहिले आहे. त्या खचात बेनीसिंग हा रजपूत सरदार सापडला. लढायला जाण्यापूर्वी त्याने बायकामुलींना ठार करण्याचा हुकूम दिला होता. हुकूम पाळणाऱ्यांचे हात कापले असावेत. काही जणी गेल्या. पुष्कळशा जखमी होऊन जगल्या.

सौ.नी इथे मला थांबवले. "त्यांना कुणी विचारलं होतं का हो?" एवढेच त्या म्हणाल्या. इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात मला हा प्रश्न आढळला नाही. मी काही बोललो नाही. त्यांनी उरलेल्या दशम्या बांधून ठेवल्या.

"मग पुढे काय झालं?" मुलाने विचारले.

पुढे काय झाले, हे सांगताना माझी जीभ जड झाली. १७ डिसेंबरला, म्हणजे किल्ला पडल्यावर अवघ्या दोन दिवसांनी, खाली देवगावच्या तळावर तह झाला. भोसल्यांनी कटक दिले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. आणि त्याच तहाने नरनाळा व गाविलगड हे दोन किल्ले, आसपासच्या मुलखासह, भोसल्यांकडेच ठेवण्यात आले.

"म्हणजे हा किल्ला परत दिला?"

"हो."

"दोन दिवसांनी?"

"हो."

"मग ते सगळे मेले कशाला?"

अकरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न! मी वर्गात कितीतरी अवघड प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. तिथे उत्तर येत नसले तर 'पुढच्या तासाला पाहू' म्हणता येते. इथे झाडाखाली पुढचा तास नव्हता. सेनापतीच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. किल्ला पडल्याशिवाय भोसल्यांनी सही केली नसती; किल्ला हवा होता तो राहण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. वेशीत पडलेल्या शिपायाच्या दृष्टीने मात्र याला उत्तर नाही. त्याला १७ तारीख ठाऊक नव्हती. त्याला ठाऊक होते ते इतकेच, की आपल्याला इथे उभे केले आहे. तो उभा राहिला.

मी मुलाला शेवटी एवढेच म्हणालो, "ते कशासाठी मेले हे त्यांच्या धन्याला विचारायला हवं होतं. ते कसे उभे राहिले, हे आपण लक्षात ठेवायचं."

त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. माझेही झाले नव्हते.

परतताना आम्ही उत्तरेच्या ढासळलेल्या तटाशी उभे राहिलो. समोर चिखलदऱ्याचे पठार, मऊ उन्हात झोपलेले. १८५८ साली तात्या टोपे इकडे येऊन किल्ल्यात बसतील या भीतीने इंग्रजांनी तटबंदी पाडून टाकली. म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षे झाली तरी त्यांना या दगडांची धास्ती होती. आमच्या कंडक्टरला नाही वाटली, ही कालगती! आता हे सारे रान मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात आहे. आजोबांनी वाटेवरच्या मातीत एक मोठा पंजा दाखवला. मुलीने सौ.चा हात घट्ट धरला आणि किल्ला पाहण्याचा कार्यक्रम त्या क्षणी संपला.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझे आजोळ अंजनगाव-सुर्जीचे. लहानपणी प्रत्येक उन्हाळा मी तिथल्या पानमळ्यांच्या गार सावलीत काढला आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांचा आणि इंग्रजांचा तह झाला, तो याच गावी. इतिहासात त्याचे नावच सुर्जी-अंजनगावचा तह असे आहे. शाळेत हे नाव मी घोकून पाठ केले होते. पण ते घोकायचे अंजनगाव आणि माझ्या आजीचे अंजनगाव एकच, हे मला बरीच वर्षे कळलेच नव्हते. घरात कोणी बोलले नाही, गावात कोणी दाखवले नाही. पुस्तकातला इतिहास कुठेतरी लांब, साताऱ्याकडे, पुण्याकडे घडतो, अशी आम्हां वऱ्हाडकरांची समजूत! आपल्या अंगणात घडला तो तेवढा 'नुसते दगडं'.

दुसऱ्या दिवशी उतरणीच्या गाडीत मुलाने पुन्हा वळणे मोजायला घेतली. स्टीव्हन्सनच्या लोकांना जो डोंगर चढायला सहा दिवस लागले, तो उतरायला आम्हांला तास-दीड तास पुरला. परतवाडा दिसू लागले तेव्हा तो एकदम म्हणाला, "बाबा, अंजनगाव इथून किती लांब?"

"फार नाही."

"जायचं? तो तह कुठे झाला ते बघायला?"

मी सौ.कडे पाहिले. त्यांनी पिशवीत हात घालून उरलेली गुळपापडी चाचपली आणि मान हलवली. परतवाड्याला उतरून आम्ही अमरावतीची गाडी सोडली आणि अंजनगावच्या गाडीच्या रांगेत उभे राहिलो.